बाटलीतल्या बिअरचा गॅस आणि ग्लासातला फेस

घरी केलेली बिअर बाटलीत भरली की दोन गोष्टी हव्या असतात: जिभेवर चुरचुरणारा गॅस आणि ग्लासात टिकून राहणारा फेस. पुष्कळ जण या दोन्ही गोष्टी एकच धरतात आणि फेस लवकर बसला की पुढच्या खेपेला साखर वाढवतात. त्यानं फेस सुधारत नाही, बाटल्या मात्र फुटायच्या बेताला येतात. गॅस हे हिशेबाचं काम आहे. साखर किती, तापमान किती, यीस्ट जिवंत किती, एवढं नीट जुळलं की गॅस हवा तेवढाच येतो. फेसाचं काम मात्र मॅशच्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात भिजवायच्या) भांड्यात सुरू होतं आणि ग्लास धुण्याच्या जागी संपतं. बाटलीतली साखर त्यात फार थोडी मदत करते.

बाटल्या भरायचा दिवस मी कॅलेंडर पाहून ठरवत नाही. एअरलॉकमधले, म्हणजे गॅस बाहेर सोडून हवा अडवणाऱ्या झडपेतले, बुडबुडे थांबले याचाही भरवसा नाही, कारण झाकण जरा सैल असलं की गॅस दुसरीकडूनच निघून जातो. हायड्रोमीटरवर (बिअरची घनता मोजायची तरंगती काचनळी) लागोपाठ तीन दिवस तोच आकडा यायला हवा. नमुना घेतला की दोन भांड्यांमध्ये खालीवर ओतून त्यातला गॅस आधी काढून टाकायचा. नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, पाणी १.०००) आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हायड्रोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे तेही पाहायचं. बहुतेकांवर २० अंश लिहिलेलं असतं, काहींवर १५.५.

या आकड्यावर मी इतका भर का देतो, ते सांगतो. साखर आंबून ग्रॅव्हिटी ०.००१ नं उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. व्हॉल्यूम हे गॅस मोजायचं एकक. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळला, तो शून्य अंशाला आणि साध्या हवेच्या दाबाला मोजला, की तो एक व्हॉल्यूम. वजनात जवळपास १.९६ ग्रॅम. आता समजा बिअर १.०१२ वर थांबणार होती आणि ती १.०१६ वर असतानाच बाटलीत गेली. उरलेल्या चार अंकांतून (०.००४) दोन व्हॉल्यूम जास्तीचा गॅस येणार. तुम्ही २.४ व्हॉल्यूम धरून साखर घातलेली, म्हणजे एकूण ४.४. वीस अंशाला अशा बाटलीच्या आत चार बारच्या आसपास दाब असतो. साधी बिअरची बाटली ३ व्हॉल्यूमच्या पुढे नेऊ नये. फुटलेल्या बाटल्यांच्या बऱ्याच प्रकरणांत साखर बरोबरच घातलेली असते, पण बिअर पुरती आंबलेली नसते.

यीस्ट मध्येच अडकलंय की खरंच संपलंय असा संशय असेल तर एक सोपी चाचणी आहे. बिअर आंबायला ठेवतानाच पाव लिटर वर्ट (न आंबलेला माल्टचा गोड काढा) वेगळ्या बाटलीत काढायचं, त्यात भरपूर यीस्ट घालायचं आणि २५ अंशांच्या आसपास ठेवून दिवसातून चारपाचदा हलवायचं. त्याची ग्रॅव्हिटी दोनतीन दिवसांत सर्वांत खाली पोचते. तिथला आकडा हा त्या वर्टचा शेवट. मोठा फर्मेंटर (आंबवायचं भांडं) त्या आकड्याच्या एकदोन अंकांत आला आणि तिथे स्थिर राहिला की बाटल्या भरायला हरकत नाही.

आता साखरेचा हिशेब. आधी बिअरला किती गॅस शोभतो ते ठरवायचं. ब्रिटिश पद्धतीच्या बिटर आणि माइल्डला १.५ ते २, पेल एल आणि बहुतेक लागरना २.३ ते २.६, बेल्जियन बिअरना ३ किंवा त्याहून जास्त, जर्मन गव्हाच्या बिअरला साडेतीनच्या पुढे. शेवटच्या दोन प्रकारांना जाड काचेच्या बाटल्या लागतातच, त्यात तडजोड नाही. शॅम्पेनच्या बाटल्या उत्तम, पण त्यातल्या अनेकांना २६ऐवजी २९ मिलिमीटरचं झाकण लागतं, तेव्हा कॅपरची (झाकण दाबून बसवायच्या यंत्राची) घंटी आधी तपासा.

आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडा गॅस आधीच विरघळलेला असतो, तो या हिशेबातून वजा करायचा. १० अंशाला सुमारे १.२ व्हॉल्यूम, १५ ला १.०, २० ला ०.८६, २५ ला ०.७५. हे तापमान कोणतं धरायचं याबाबत गोंधळ फार होतो. यीस्टचं काम संपल्यावर बिअर ज्या सर्वांत वरच्या तापमानाला राहिली, तेच धरायचं. बिअर २० अंशाला आंबली आणि मग गाळ बसावा म्हणून दोन दिवस फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवली, तरी हिशेब २० चाच. जो गॅस एअरलॉकमधून निघून गेला तो बिअर थंड केल्यानं परत येत नाही. ४ अंश धरून गणित केलं तर वाटतं आत दीड व्हॉल्यूम आहे, साखर कमी पडते आणि २.४ ऐवजी १.८ वर बिअर अडकते. ‘सगळं नीट केलं तरी बिअर मिळमिळीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

घरातली साधी साखर आंबली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून किंचित जास्त, ०.५१ पट, कार्बन डायऑक्साइड देते. २० लिटर बिअर, तापमान २० अंश, हवे आहेत २.४ व्हॉल्यूम. २.४ उणे ०.८६ म्हणजे १.५४. त्याला १.९६ नं गुणलं की ३.०२ ग्रॅम गॅस प्रत्येक लिटरला. त्याला ०.५१ नं भागलं की ५.९ ग्रॅम साखर. वीस लिटरला ११८ ग्रॅम. दुकानात मिळणाऱ्या डेक्स्ट्रोजमध्ये (ग्लुकोजमध्ये) बहुधा पाणी बांधलेलं असतं, म्हणून तो सहा-सातव्या हिश्श्यानं जास्त लागतो, इथे १३७ ग्रॅम. कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट सगळाच्या सगळा आंबत नाही, त्यामुळे साखरेच्या सुमारे दीडपट धरावा. एक्स्ट्रॅक्टनं फेस चांगला येतो असं म्हणतात. एवढ्याशा मात्रेनं फेसात काही फरक पडत नाही, म्हणून मी साधी साखरच वापरतो. तिचा अंदाज चुकत नाही, आणि लिटरला पाचसहा ग्रॅमनं चव बदलत नाही. दारूचं प्रमाण मात्र ०.३ ते ०.४ टक्क्यांनी वाढतं.

लिटर मोजताना फर्मेंटरमधली रेघ पाहू नका. तळाचा गाळ आणि त्याच्यावरची गढूळ बिअर बाटलीत जात नाही. २३ लिटर धरून १३६ ग्रॅम साखर घातली आणि प्रत्यक्षात १८ लिटरच हाती लागली, तर गॅस २.८ वर जातो. म्हणून बॉटलिंगच्या बादलीवर लिटरच्या खुणा स्वतः पाणी मोजून करून घ्याव्यात. साखरेला वजनकाटाच हवा. चमच्याची साखर दाणा बारीक की जाड यावर बदलते.

प्रत्येक बाटलीत वेगवेगळी साखर टाकायची पद्धत सोपी दिसते, पण ३३० मिलिलिटरला जेमतेम १.९५ ग्रॅम लागते. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक झाली की ०.४ व्हॉल्यूमचा फरक. शिवाय कोरडी साखर बिअरमध्ये पडली की दाण्यादाण्यावर गॅस सुटतो आणि फेस मानेतून बाहेर येतो. तयार साखरेच्या गोळ्यांचंही तसंच. त्या साधारण तीन ग्रॅमच्या असतात. ३७५ मिलिलिटरला एक टाकली तर २.९ व्हॉल्यूमच्या आसपास गॅस होतो आणि ३३० च्या बाटलीत तीच गोळी ३ च्या पलीकडे नेते. पाचसहा बाटल्यांचा छोटा घाणा असेल तर गोळ्या ठीक. एरवी साखरेचा पाक करून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळणं हेच खरं.

भरण्याच्या दोन दिवस आधी मी फर्मेंटर थंड करतो, म्हणजे यीस्ट आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा खाली बसतो. बिअर स्वच्छ दिसली तरी तिच्यात बाटलीचं काम करण्याइतकं यीस्ट तरंगत असतं, त्याची काळजी नको. काळजी करायची ती दोन ठिकाणी: बिअर महिनोन्‌महिने थंडीत ठेवली असेल तर, किंवा ९-१० टक्क्यांच्या पुढची जड बिअर असेल तर. तिथलं जुनं यीस्ट दमलेलं असतं. २० लिटरला दोन ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट थोड्या कोमट पाण्यात भिजवून पाकाबरोबर घालायचं. बाटलीसाठी मुद्दाम केलेली यीस्टं मिळतात, लालमँडची सीबीसी-१ त्यातली एक. ती दारू आणि दाब सहन करते आणि माल्टमधली माल्टोट्रायोज ही साखर खात नसल्यानं ठरलेल्या साखरेपलीकडे फारसं काही करत नाही.

बाटल्या आधीच धुऊन ठेवलेल्या असाव्यात. तळाला वाळलेला यीस्टचा थर हा सगळ्यांत वाईट. त्याच्याखाली जंतू सुखानं राहतात आणि सॅनिटायझर तिथवर पोचत नाही. सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात बाटल्या रात्रभर बुडवल्या की थर आपोआप सुटतो. ब्रश फिरवायचा, तीनदा साध्या पाण्यानं खंगाळायचं आणि बाटली उजेडासमोर धरून तळ पाहायचा. भांडी घासायचा साबण इथे नकोच; त्याचा अंश राहिला तर फेस बसतो. डिशवॉशरमधलं चकाकी आणणारं द्रावणही तेच करतं. बाटल्या ओव्हनमध्ये तापवून निर्जंतुक करायची युक्ती काही जण वापरतात. तापवायची आणि निववायची घाई झाली तर काचेवर ताण येतो आणि तीच बाटली पुढे दाबाखाली दगा देते. भरण्याच्या दिवशी स्टार सॅनसारखं न धुता चालणारं सॅनिटायझर आत फिरवून बाटल्या उपड्या ठेवायच्या. त्याचा फेस आत थोडा राहिला तरी बिअर बिघडत नाही. झाकणंही त्याच पाण्यात.

११८ ग्रॅम साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, झाकून निवू द्यायची आणि बॉटलिंगच्या बादलीत आधी ओतायची. मग सायफनची नळी बादलीच्या तळाशी अर्धगोल वळवून ठेवायची, म्हणजे बिअर वर्तुळात फिरत चढते आणि पाक आपोआप मिसळतो. नळीचं तोंड सतत बिअरखाली बुडालेलं असावं. वरून धार पडली तर हवा मिसळते आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. फक्त फिरण्यावर विसंबू नका. पाक बिअरपेक्षा जड असतो आणि थंड बिअरखाली तो निवांत पडून राहतो. निर्जंतुक केलेला लांब चमचा तळापर्यंत नेऊन हलक्या हातानं आठदहा वेळा फिरवायचा, आणि दर दहाबारा बाटल्यांनी पुन्हा एकदा. एकाच घाण्यातल्या काही बाटल्या सपक आणि काही उसळणाऱ्या निघाल्या तर कारण बहुतेक इथेच सापडतं.

भरायला स्प्रिंगचा बॉटलिंग वाँड वापरावा. त्याचं टोक तळाला दाबलं की बिअर येते, उचललं की थांबते. बिअर अगदी काठापर्यंत येऊ द्यायची आणि वाँड बाहेर काढायचा. वाँडनं व्यापलेली जागा मोकळी होते आणि वर दोनतीन सेंटिमीटरची पोकळी आपोआप राहते. पोकळी फार मोठी राहिली तर हवा जास्त अडकते. काठोकाठ भरली तर बिअर ऊन लागून फुगते तेव्हा तिला जागाच उरत नाही.

झाकण नीट बसलं का हे पाहायला हात पुरतो. दाबलेल्या झाकणाच्या कडा सगळीकडून सारख्या खाली वळलेल्या असाव्यात आणि बोटानं फिरवायचा प्रयत्न केला तर झाकण हलू नये. कॅलिपर असेल तर दाबलेल्या झाकणाचा बाहेरचा व्यास २८.६ ते २८.८ मिलिमीटर यायला हवा. त्याहून जास्त म्हणजे दाब कमी पडलाय. दोन दांड्यांचा हाती कॅपर मानेखालच्या कड्याला पकडतो. काही बाटल्यांचं ते कडं अरुंद असतं, तिथे तो तिरका बसतो. अशा बाटल्या वेगळ्या काढाव्यात किंवा टेबलवरचा कॅपर घ्यावा. फिरवून उघडायच्या आट्याच्या बाटल्या मी वापरत नाही. तारेच्या बुचाच्या बाटल्यांना रबराची चकती वर्षभरात बदलायची. चकती कडक झाली की गॅस हळूहळू निसटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लॅस्टिकची असू द्या, सोड्याची जुनी, स्वच्छ धुतलेली. भरल्यावर ती दाबून वरची हवा काढायची आणि तशीच दबलेली असताना झाकण घट्ट लावायचं. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तिची दबलेली बाजू भरून आलेली दिसते, आठवड्यात ती टणक होते. अंगठ्यानं दाबली तर आत जात नाही. काचेच्या बाटल्यांच्या आत काय चाललंय ते या एका बाटलीवरून कळतं, आणि ती दगडासारखी कडक होऊन तळाशी फुगू लागली तर बाकीच्या सगळ्या तातडीनं थंड करायच्या.

बाटल्या २० ते २४ अंशाला, अंधारात, उभ्या ठेवायच्या. साखर बहुधा आठदहा दिवसांत संपते, पण मी तीन आठवड्यांआधी निर्णय करत नाही. १५ अंशाच्या खाली एल यीस्ट फार सावकाश चालतं आणि जड बिअरला दीडदोन महिनेही लागतात. या काळात बाटल्या खोक्यात झाकलेल्या असाव्यात. एखादी फुटली तर काचा खोक्यातच राहतात. उकाड्याच्या दिवसांत दाबाकडे लक्ष हवं. २.४ व्हॉल्यूमच्या बाटलीत ४ अंशाला पाऊण बार दाब असतो, २० ला १.८ आणि ३० ला अडीच. बिअर तीच, गॅस तेवढाच, पण काचेवरचा भार तिपटीहून जास्त.

उघडण्याआधी बाटली किमान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. अर्धवट थंड केलेली बाटली उघडताना जोरात उसळते, ओतताना गॅस उडून जातो आणि पिताना बिअर मऊ लागते. पुष्कळ जण तिलाच जास्त गॅसची बिअर समजतात.

आता फेस. बुडबुडा वर येतो तो गॅसमुळे. वर आल्यावर तो फुटत नाही तो प्रथिनांमुळे. बार्लीतली लिपिड ट्रान्सफर प्रोटीन १ आणि प्रोटीन झेड ही त्यातली मुख्य. हॉप्स उकळताना तयार होणारी आयसो-अल्फा आम्लं या प्रथिनांना एकमेकांना बांधतात, म्हणून कडवट बिअरचा फेस दाट, चिवट असतो आणि ग्लासाच्या कडेला जाळीसारखा चिकटून राहतो. कमी हॉप्सच्या बिअरला तसा फेस आणायचा तर धान्यात जास्त काळजी घ्यावी लागते.

मॅशमध्ये मी ५० ते ५५ अंशांचा प्रथिनांचा थांबा घेत नाही. आजचं बहुतेक माल्ट आधीच पुरेसं मुरवलेलं असतं. त्यात हा थांबा घेतला की फेसाला लागणारी मोठी प्रथिनं तुटतात आणि बिअर पातळ होते. ६६-६८ अंशाला तासभर आणि मग ७२ ला दहापंधरा मिनिटं, एवढं फेसाला पुष्कळ. धान्यात पाच ते दहा टक्के गव्हाचं माल्ट घातलं तर फरक डोळ्यांना दिसतो. फ्लेक्ड बार्लीही कामाची. उलट साखर आणि तांदूळ जितके वाढतील तितकी प्रथिनं विरळ होतात. ओट्सनं अंग छान येतं, पण त्यात तेल असतं. प्रमाण फार वाढवलं तर फेस घटतो. कोको, सुकामेवा, खोबरं घातलेल्या बिअरचा फेस लवकर बसतो तो याच तेलामुळे, आणि त्याला बाटलीत काही उपाय नाही.

एक गोष्ट कमी लोक ध्यानात घेतात. फेसाचं प्रथिन एकदा फेसात वापरलं गेलं की ते तसंच परत मिळत नाही. आंबताना फर्मेंटर भरभरून उतू गेला, नळीतून वाटीभर फेस बाहेर पडला, तर ग्लासात यायचा फेस तिथेच खर्च झाला. म्हणून फर्मेंटरमध्ये वर पाचवा हिस्सा जागा ठेवावी आणि आंबण्याचं तापमान आवरावं. थकलेलं, उपाशी किंवा उष्णतेनं त्रासलेलं यीस्ट प्रोटीनेज ए नावाचं एन्झाइम बिअरमध्ये सोडतं आणि ते फेसाची प्रथिनं हळूहळू कुरतडत राहतं. सुरुवातीला पुरेसं ताजं यीस्ट घालणं हा गॅसचाही उपाय आहे आणि फेसाचाही.

एवढं करून ग्लास मळका असेल तर सगळं वाया. तेलाचा नुसता पापुद्रा फेस मोडतो; तळलेलं खाताना ग्लासाला लागलेले ओठ, लिपस्टिक, पुसायच्या फडक्याचा चिकटपणा, काहीही पुरतं. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तिथे मळ आहे. स्वच्छ काचेवर बुडबुडे बसत नाहीत, बिअरमधून सरळ वर जातात. खात्री करायची तर ग्लास पाण्यानं ओला करा आणि आत मीठ भुरभुरा: स्वच्छ भागाला मीठ सारखं चिकटतं, तेलकट भाग उघडा राहतो. धुण्याच्या सोड्यानं घासून, भरपूर पाण्यानं खंगाळून ग्लास उपडा वाळवायचा. फडकं लावायचं नाही. ओतताना ग्लास तिरका धरून अर्धा भरायचा, मग सरळ करून मधोमध धार सोडायची. जपून जपून कडेनंच ओतलं तर फेस येणार कुठून? तळाचा एक सेंटिमीटर यीस्टसकट बाटलीतच राहू द्यायचा.

बिघडलेला घाणा समोर असेल तर आधी एवढंच पाहा: सगळ्या बाटल्या सारख्या आहेत की वेगवेगळ्या.

सगळ्याच सपक असतील तर तापमान आणि वेळ तपासा. बाटल्या उलट्यासुलट्या करून तळाचं यीस्ट मोकळं करा आणि २४ अंशाला आणखी दोन आठवडे ठेवा. तरीही हालचाल नसेल आणि बिअर जिभेला गोडसर लागत असेल तर साखर आहे, यीस्ट नाही. झाकण काढून कोरड्या यीस्टचे चारपाच दाणे टाका, नवं झाकण लावा. गोड लागत नसेल तर साखरच कमी पडली होती. एखाददुसरीच सपक असेल तर तिचं झाकण दोषी.

सगळ्या सुरुवातीपासून उसळत असतील तर साखर जास्त झाली किंवा बिअर कच्ची भरली. पण महिनाभर बऱ्या असलेल्या बाटल्या नंतर उसळायला लागल्या तर एका बाटलीतला गॅस पूर्ण काढून ग्रॅव्हिटी मोजा. ती भरतानाच्या आकड्याच्या खाली गेली असेल तर जंगली यीस्ट किंवा जंतू शिरलेत; ते बिअरच्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे तुकडेही, खातात. सेझॉन या बेल्जियन बिअरची काही यीस्टंही असंच करतात, ती वापरली की नळ्या आणि वाँडचं रबर बदलून टाकावं. ड्राय हॉपिंग (आंबताना किंवा नंतर हॉप्स घालणं) भरपूर केलेल्या बिअरमध्ये तिसरंच घडू शकतं: हॉप्समधली एन्झाइमं डेक्स्ट्रिन तोडून नवी साखर तयार करतात आणि यीस्ट पुन्हा चालू होतं. म्हणून हॉप्स घातल्यानंतर पुन्हा तीन दिवस ग्रॅव्हिटी मोजायची. आकडा जागचा हलला नसेल, चव चोख असेल, साखर बरोबर असेल आणि तरी बिअर कारंज्यासारखी येत असेल, तर हॉप्सचे कण, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक किंवा फ्युसेरियम बुरशी लागलेलं धान्य यांपैकी काहीतरी बुडबुड्यांना धरायला जागा देतंय. मॅशच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असलं तर ऑक्झलेट बरंचसं आधीच खाली बसतं.

जास्त गॅसच्या बाटल्या वाचवता येतात. चष्मा आणि जाड हातमोजे घालून, बाटल्यांवर टॉवेल टाकून त्या अलगद उचलून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दोन दिवस पूर्ण गार होऊ द्यायच्या. मग झाकणाची कडा ओपनरनं किंचित उचलायची, सुस्कारा ऐकू आला आणि फेस मानेपर्यंत चढला की सोडून द्यायची. फेस उतरला की पुन्हा. दोनतीनदा असं करून नवं झाकण दाबायचं. मात्र एक बाटली फुटल्यावर बाकीच्यांना उबदार असताना हात लावू नका. खोकं तसंच झाकून ठेवा आणि खोली गार होण्याची वाट पाहा.

चांगल्या निघालेल्या बाटल्या तीन आठवड्यांनंतर थंड जागी हलवाव्यात. उबेत ठेवल्या तर गॅस टिकतो, पण जिवंत यीस्टचं एन्झाइम काम करत राहतं आणि चारसहा महिन्यांत फेस पातळ होतो. फ्रिजमध्ये ते काम मंदावतं. साध्या ताकदीच्या बिअरचा फेस पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत चांगला असतो, तेव्हाच ती संपवावी.